तुम्ही विचारलंत म्हणून: बागेत फुकट का राबते?

"तुम्हाला यातून मिळतं काय?" 12 वर्षं हा प्रश्न ऐकतेय. बागेत फिरायला येणारे विचारतात, नातेवाईक विचारतात, माझी मुलगी तर दर दोन महिन्यांनी विचारते. आजवर मी काहीबाही सांगत आले. व्यायाम होतो, सकाळ बरी जाते, कुणीतरी करायलाच हवं. यातलं खोटं काहीच नाही, पण सांगायचे ते विषय मिटावा म्हणून.

त्याहून टोचतो तो दुसरा प्रश्न. बाग पालिकेची, कर आपण भरतो, मग तुम्ही राबलात की त्यांचं आयतंच फावतं. यात तथ्य आहे. आम्ही गाजरगवत उपटायला लागलो आणि त्या कामाला माणसं यायची बंद झाली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण गाजरगवताच्या एका रोपाला 15,000 बिया सहज धरू शकतात. ते फुलायच्या आत उपटलं तरच उपयोग. अर्ज फिरून माणूस येईपर्यंत बी मातीत पडलेलं असतं. म्हणून मी तक्रारही करते आणि उपटतेही.

खरं उत्तर द्यायचं तर गुलमोहराचं सांगावं लागेल.

फाटकातून आत आलं की उजव्या हाताला होता. दोघांनी हात धरले तरी कवेत यायचा नाही. सावली ऐसपैस, पण खाली बसायला जागा नाही. गुडघे दुखणारी माणसं उभ्याउभ्याच टेकायची. इथे कट्टा हवा, असं माझ्याच डोक्यात आलं. घरोघर फिरून 140 सह्या घेतल्या. पत्रं दिली, चकरा मारल्या. वर्षभराने मंजुरी आली, तीही दोन कट्ट्यांची: एक गुलमोहराला, एक मागच्या कडुनिंबाला. गोल बांधकाम झालं, आत दोन फूट माती भरली. त्यातली कितीतरी घमेली मी स्वतः टाकली. बागेत माळीकाम करणारे एक काका तिथे उभे होते. म्हणाले, "ताई, बुंधा असा पुरू नका. मुळांना हवा लागते."

मी म्हटलं, "काका, एवढं थोराड झाड आहे. मातीने काय होतंय त्याला?"

दोन वर्षं खरंच काही झालं नाही. कट्टा संध्याकाळी माणसांनी भरलेला असायचा आणि मला फार बरं वाटायचं. तिसऱ्या उन्हाळ्यात शेंड्याच्या फांद्या वाळल्या. मला वाटलं पाणी कमी पडतंय, म्हणून मी पाणी वाढवलं. चौथ्या वर्षी अर्धंच झाड फुललं. तेव्हा मी सगळ्यांना सांगत होते की गुलमोहर मूळचा मादागास्करचा, उथळ मुळांचा, तो असाच जातो. सगळ्यांना ते पटलंही. काका तेव्हा बदली होऊन गेले होते.

मग मी वाचायला लागले. झाडाची पाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटातच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेर लांबवर पसरतात. त्यांच्यावर मातीचा थर चढला की हवा तुटते. वरून पाणी ओतलं की उरलीसुरली हवाही जाते. आणि बुंध्याची साल सतत ओल्या मातीत राहण्यासाठी नसतेच. ती कुजली की पानांनी तयार केलेलं अन्न मुळांपर्यंत पोचत नाही. अमेरिकी वनखात्यातल्या ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी चिरून दाखवलं होतं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड तो भाग आत कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड घालतं. जखम आत तशीच राहते.

पाचव्या वर्षी कट्टा फोडला, तेव्हा मी कुदळ घेऊन तिथेच होते. माती बाजूला केली तशी साल ओल्या पुठ्ठ्यासारखी हातात आली. आंबूस वास. बोट लावलं तर पेरभर आत गेलं. एका बाजूला मात्र वीतभर साल जिवंत होती आणि तिच्यातून, मी टाकलेल्या त्या मातीत, लालसर बारीक मुळं फुटली होती. ती मुळं मी विसरू शकत नाही. झाड पडून कुणाला लागू नये म्हणून पावसाळ्याआधी कापलं.

मुलगी म्हणते, तू प्रायश्चित्त घेतेयस. मी तिच्याशी भांडते. कट्ट्याच्या आधी तीन वर्षं मी बागेत येतच होते की! पण तेव्हा फक्त रविवारी यायचे. रोज यायला लागले ती त्या पावसाळ्यापासून, हेही खरं. आणि मी मुळात बागेत पाऊलच टाकलं नसतं तर तो गुलमोहर आज उभा असता. "काही न करणारे निदान बिघडवत तरी नाहीत," असं कुणी म्हणालं की मी चिडते, कारण मला त्यावर बोलता येत नाही.

आता मी कडुनिंबाचा कट्टा फोडा म्हणून मागे लागलेय. तिथे बसणारे माझ्यावर रागावलेत. "तेव्हा सह्या तुम्हीच घेतल्या होत्या," म्हणतात. घेतल्या होत्या. त्यांचे गुडघे दुखायचे थांबलेले नाहीत, हेही मला दिसतं. बाक मागितलेत, अजून आले नाहीत. तोवर रोज सकाळी बुंध्याजवळची थोडी थोडी माती हाताने काढतेय, खुरपं लावत नाही, साल दुखावते. चार बोटं खाली गेलेय. तिथे साल अजून कोरडी आणि घट्ट लागतेय. त्याच्याखाली कशी आहे, ते अजून दिसलेलं नाही.