चिटोऱ्यांचा कारखाना : आमची वाटचाल

तुमच्या कारखान्यात काय बनतं, असं कुणी विचारलं की बाबा एका शब्दात सांगतात, "चिटोऱ्या." ऐकणाऱ्याला ती थट्टा वाटते, पण ती थट्टा नाही. आम्ही कागदाचे लहान लहान कापलेले तुकडेच विकतो. 3 मिलिमीटरच्या पट्ट्या, साडेसात सेंटिमीटरचे चौकोन, पंचाने पाडलेल्या टिकल्या, षटकोन, वाचनखुणा, कोरी टिपणकार्डं. आमच्या मालातली सगळ्यात मोठी वस्तू तळहातावर मावते.

सुरुवात मात्र मोठ्या कागदाने झाली. बाबांकडे एक जुनं कटिंग मशीन होतं आणि त्यावर छापखान्यांची कापाकापी चालायची. छापलेले ताव यायचे, कापून जायचे. बांधलेली पुस्तकं यायची, तीन बाजूंनी छाटून परत जायची. छाटणीतून निघालेल्या पट्ट्या पोत्यात भरल्या जायच्या आणि पोती भरली की रद्दीत. मी शाळेतून आले की त्या पोत्यात हात घालून रंगीत कडांच्या पट्ट्या शोधत बसायची. त्या पोत्यात धंदा आहे, हे तेव्हा आमच्यापैकी कुणालाच दिसलं नाही.

ते दाखवलं एका शिक्षिकेने. मुलांना अपूर्णांक शिकवायचे म्हणून त्या एक पोतंच मागून घेऊन गेल्या. आठवड्याने परत आल्या तेव्हा वैतागलेल्या होत्या. मुलांनी पट्ट्या शेजारीशेजारी लावून पाहिल्या होत्या. बाई बाबांना म्हणाल्या, "तुमच्या कागदात तीन तृतीयांश मिळून एक होत नाहीत हो."

बाबांना हे फार लागलं. पोतं फुकट दिलं होतं, तरी लागलं. त्या रात्री त्यांनी एकाच लांबीच्या पट्ट्या कापल्या, मग त्यांचे दोन, तीन, चार, सहा, आठ समान भाग केले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः नेऊन दिले. उरलेला तुकडा आणि कापलेला तुकडा या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे आमच्या घरात त्या दिवशी कळलं. पहिला जसा निघेल तसा असतो. दुसरा कापण्याआधी त्याचं काम माहीत असावं लागतं.

लहान तुकडा कापणं हे मोठा ताव कापण्यापेक्षा सोपं, असा आमचाही समज होता. कागद कापायचं यंत्र तसं जुनं आहे; फ्रान्समध्ये गियोम मासिको यांनी 1844 मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. थप्पी ठोकून सरळ करायची, मागच्या गेजला, म्हणजे माप ठरवणाऱ्या आडपट्टीला, टेकवायची, वरून दाब बसतो, मग पातं उतरतं. आता दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबल्याशिवाय पातं हलत नाही, म्हणजे कापताना हात पात्याखाली नसतात. दाब सैल राहिला किंवा पात्याची धार गेली की वरचे ताव जागेवरून सरकतात. वरचा तुकडा आणि तळाचा तुकडा सारखे राहत नाहीत. पुस्तकाच्या पानात हा अर्धा मिलिमीटर कुणाच्या लक्षातही येत नाही. हाताएवढ्या चौकोनात तो ओरडून सांगतो.

तो ओरडला ओरिगामीच्या ऑर्डरमध्ये. साडेसात सेंटिमीटरचे चौकोन, आमची पहिली मोठी ऑर्डर, आणि सगळा माल परत आला. पेटीत वर एक घडी घातलेला पक्षी ठेवला होता, चोच वाकडी. आम्ही पट्टी लावून मोजलं तेव्हा एक बाजू दुसरीपेक्षा 1 मिलिमीटरने जास्त निघाली. चौकोनाची पहिली घडी कर्णावर पडते. तिथेच कोपऱ्यावर कोपरा बसला नाही, तर ती चूक पुढच्या प्रत्येक घडीबरोबर आत शिरत जाते आणि शेवटी सगळ्यात बारीक टोकाशी उघडी पडते. पाठवणाऱ्याने चिठ्ठीत एक अक्षर लिहिलं नव्हतं. पक्ष्याने सगळं सांगितलं होतं.

तेव्हापासून पद्धत बदलली. मागचा गेज एकदा लावला की काम संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. आधी पट्ट्या पाडायच्या, मग त्याच पट्ट्या काटकोनात वळवून त्याच गेजवर कापायच्या. म्हणजे गेज अर्ध्या केसाने चुकला असला तरी दोन्ही बाजू सारख्याच चुकतात आणि चौकोन चौकोनच राहतो. प्रत्येक थप्पीतून वरचा, मधला आणि तळाचा असे तीन तुकडे काढून बाबा कर्णावर दुमडतात, नखाने घडी दाबतात आणि उजेडात धरतात. मोजपट्टी जवळ असते, पण तिच्यावर त्यांचा विश्वास नखापेक्षा कमीच.

दुसरा धडा ग्रेनचा. कागद यंत्रावर बनताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेने झोपतात. त्या दिशेला आमच्याकडे ग्रेन म्हणतात. ग्रेनच्या दिशेने कागद सरळ फाटतो, घडी साफ पडते. आडवा फाडायला गेलात की फाट भरकटते. हे सगळं बाबांना तोंडपाठ होतं, आणि तरीही क्विलिंगच्या पट्ट्यांत आम्ही फसलो. क्विलिंग म्हणजे अरुंद पट्टी सुईवर गुंडाळून तिच्या गुंडाळीपासून पाकळ्या, पानं, नक्षी करायची. पूर्वी हे काम पिसाच्या दांडीवर करत, नाव तिथूनच आलं. आम्ही 3 मिलिमीटरच्या पट्ट्या तावाच्या लांबीत कापल्या, कारण तशा भराभर निघत होत्या. कागद जाडसर होता आणि ग्रेनही लांबीतच होता. पट्टी गुंडाळून सोडली की सटकन उघडायची. जोर लावला तर गोल वळायच्या ऐवजी कोन पडायचा. ग्रेन पट्टीच्या रुंदीत आला की तोच कागद लोण्यासारखा वळतो. फक्त मग तो ओढताना जपावा लागतो, कारण तुटतोही लवकर.

वाचनखुणेचं नेमकं उलटं. तिचा ग्रेन लांबीतच हवा, नाहीतर पुस्तकाबाहेर डोकावणारं टोक दोन दिवसांत मान टाकतं. कागद तोच, यंत्र तेच, आणि दोन कामांसाठी ताव दोन दिशांनी लावायचा. म्हणून आमच्या ऑर्डरच्या कागदावर आकार, रंग, नग यांच्याही आधी एक ओळ छापलेली आहे : "याचं काय करणार?" काही जणांना हा आगाऊपणा वाटतो. वाटू दे.

3 मिलिमीटरच्या पट्ट्यांची आणखी एक कटकट होती. कापल्या की त्या केसांसारख्या विस्कटायच्या आणि मोजून भरता भरता बायका रडकुंडीला यायच्या. तोडगा काढला आईने. कापण्याआधी थप्पीच्या एका टोकाला गोंदाचा पातळ हात द्यायचा. कापल्यावर पट्ट्या एका टोकाला जुडीसारख्या धरून राहतात, घेणारी हवी तेव्हा एकेक सोलून घेते. पुढे कळलं की असं करणारे जगात इतरही आहेत. आईला मात्र ते कुणी शिकवलं नव्हतं.

बोटं कापली जाणं हा या धंद्याचा रोजचा कर. डेन्मार्कमधल्या भौतिकशास्त्रज्ञांनी 2024 मध्ये यावर अभ्यास केला आणि साधारण 65 मायक्रॉन जाडीचा कागद कातडीला सगळ्यात घातक असं सांगितलं. त्याहून पातळ कागद वाकतो, जाड असला तर दाब पसरतो. आमच्या पॅकिंगवाल्या मावशींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, हे मला विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

गिऱ्हाइकांनी आम्हाला जितकं शिकवलं तितकं यंत्राने नाही. ठिगळकामाच्या गोधड्या शिवणाऱ्या बाई आल्या, त्यांना कागदी षटकोन हवे होते. कापडाचा तुकडा षटकोनावर दुमडून टाके घालायचे, षटकोन एकमेकांना जोडायचे आणि शेवटी कागद काढून घ्यायचा. आम्ही 1 इंची डाय, म्हणजे आकार कापायचा साचा, करून घेतला तो समोरासमोरच्या बाजूंमधल्या अंतराने. त्या हसल्या. या कामात षटकोनाचं माप बाजूच्या लांबीने सांगतात. डाय वाया गेला. त्यांच्याकडूनच कळलं की इंग्लंडमध्ये 1718 सालची एक रेशमी ठिगळकामाची चादर जपून ठेवली आहे आणि तिच्या आत हे कागद अजून तसेच आहेत. काढायचे राहिले म्हणून टिकले.

टिपणकार्डांत आम्हाला जाड, देखणा पुठ्ठा विकायचा होता. एका अभ्यासकाने अडवलं. जर्मन समाजशास्त्रज्ञ निकलास लुमान यांच्या पेट्यांत सुमारे 90,000 टिपणं होती आणि ती त्यांनी साध्या कागदावरच केली होती, कारण जाड कार्डांनी खण लवकर भरतो. आम्ही पुठ्ठा सोडला. दिसायला माल गरीब झाला, पण तेच गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा यायला लागलं.

चिकट चिठ्ठ्या आम्ही करत नाही, पुन्हा विचारू नये. तिथे कागद कमी आणि गोंद जास्त कळावा लागतो. 3एम कंपनीत स्पेन्सर सिल्व्हर यांनी 1968 मध्ये तो हलका गोंद शोधला आणि पोस्ट-इट अमेरिकाभर विक्रीला आलं 1980 मध्ये. मधली 12 वर्षं आमच्याकडे नाहीत.

उधळायच्या कागदी तुकड्यांचं काम आलं तेव्हा मी आठवडाभर शिडीवर होते. गोल टिकली भसकन खाली येते. लांबट आयताकृती तुकडा स्वतःभोवती गिरक्या घेत, तिरका सरकत, सावकाश उतरतो. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी 1854 मध्ये पडणाऱ्या कागदाच्या पट्टीवर लेख लिहिला होता, म्हणजे शिडीवर चढणारी मी पहिली वेडी नव्हे. पातळ टिश्यूचा आयत आम्ही पक्का केला. कोरड्या हवेत स्थिर विजेने ते तुकडे एकमेकांना, पिशवीला आणि आमच्या केसांना चिकटतात, त्यावर अजून पक्का इलाज नाही. भरायच्या खोलीत हवा जरा दमट ठेवतो, इतकंच.

पंचाचं पातं बोथट झालं की टिकली सुटत नाही, एका कोपऱ्याने लोंबकळत राहते. बाबा अशी टिकली दिसली की मशीन बंद करतात आणि म्हणतात, "फ्लोरिडा झालं." 2000 च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडाच्या मतपत्रिकांवर अशाच अर्धवट सुटलेल्या टिकल्या लोंबकळत होत्या. ते मत धरायचं की नाही यावर वाद कोर्टात गेला आणि अधिकृत फरक होता 537 मतांचा. नवीन पोरगं कामाला लागलं की त्याला ही गोष्ट आधी सांगितली जाते, पगार नंतर.

चित्रकारांचं मात्र आमच्याशी फारसं जमलं नाही. कोलाज करणारा एक जण आमचे तुकडे उलटसुलट करून म्हणाला, "तुमची कड फार शहाणी आहे." मला राग आला. मग त्याने फ्रेंच चित्रकार मातीसची चित्रं दाखवली. 1941 च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मातीसला उभं राहून काम करणं कठीण झालं. मदतनीस कागद रंगवून देत आणि तो थेट रंगातच कात्री चालवी. त्या कडांना हाताचा श्वास आहे, आमच्या पात्याला तो कुठून येणार? त्याहून मला धरून ठेवलं मेरी डिलेनी या बाईंनी. त्यांनी 1772 मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, काळ्या कागदावर रंगीत कागदाचे बारीक तुकडे चिकटवून फुलं करायला घेतली. दृष्टी साथ देईना तोवर दहा वर्षं केली, जवळजवळ हजार. ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. काही फुलांत शेकडो तुकडे आहेत. छायाचित्रावर मी भिंग धरून पाहिलं, एका पाकळीतली सावली म्हणजे नखाच्या कडेएवढं कात्रण होतं. आमच्या सगळ्यात अरुंद पट्टीपेक्षा बारीक.

आणि जुन्या पुस्तकांची डागडुजी करणाऱ्या ताई. त्यांनी आमच्याकडून पातळ लांबतंतू कागदाच्या पट्ट्या नेल्या आणि आमच्यासमोरच त्यांच्या कडा फाडायला बसल्या. ब्रशने पाण्याची रेघ ओढायची आणि हलकेच दोन्हीकडे ताणायचं, की कडेला तंतू मोकळे होतात. असं ठिगळ खळीने लावलं की पानात मिसळून जातं. सरळ कापलेली कड लावली तर जुनं पान पुढे नेमकं त्या रेघेवरच मोडतं. ताईंना आम्ही आता अख्खे ताव देतो. कापणाऱ्याकडून न कापलेला माल घेणारं आमचं हे एकच गिऱ्हाईक होतं, गेल्या महिन्यापर्यंत.

गेल्या महिन्यात एका तरुणाचा फोन आला. हजार कोरे तुकडे हवेत म्हणाला. आकार? कुठलाही. रंग? काहीही चालेल. बाबांनी ठरलेला प्रश्न विचारला, याचं काय करणार? तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, अजून ठरलं नाहीये.

बाबांनी त्याला दहा अख्खे ताव आणि एक कात्री पाठवून दिली.