'ए' कुणी खाल्ला?

गुरुवारची दुपारची बॅच. कर्वे रस्त्याच्या बाजूला असलेल्या आमच्या लॅबमध्ये पंख्याचा वारा शेवटच्या रांगेपर्यंत पोचत नाही. तिथूनच हाक आली, "मॅडम, माझ्या आन्सरमधला ए कुणी खाल्ला?"

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलगी. असेंब्ली भाषेतला प्रोग्रॅम बाळबोध, 12 आणि 30 ची बेरीज. स्क्रीनवर इंग्रजी 'आन्सर' हा शब्द 'एन'पासून सुरू झालेला आणि पुढे हेक्समध्ये (सोळाच्या पायावरचे आकडे) 1ई2ए. नॅस्मने (प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत बदलणारा असेंब्लर) एरर सोडाच, साधी वॉर्निंगही दिली नव्हती.

मी आधी आकडा स्क्रीनवर छापणाऱ्या डिस्प्ले प्रोसीजरवर संशय घेतला. ती सीनियर्सच्या झेरॉक्समधून आलेली, त्यामुळे तो घेणं रास्तच होतं. पण आकडा पुन्हा पाहिला आणि हसू आलं. 2ए म्हणजे 42. उत्तर बरोबर होतं! शेजारचा 1ई म्हणजे 30, तिचीच दुसरी संख्या.

तिने चारही गोष्टी 'डीबी'ने, म्हणजे 0 ते 255 मावेल अशा एकेका बाइटच्या हिशोबाने, घेतल्या होत्या: पहिली संख्या, दुसरी, बेरीज आणि मग संदेश. मेमरीत सगळे बाइट एकाला एक चिकटून. पण पहिली संख्या उचलली एएक्स या प्रोसेसरमधल्या 16 बिटांच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे एकाऐवजी दोन बाइट आले आणि शेजारचा 30 वरच्या अर्ध्यात जाऊन बसला. बेरीज ठेवतानाही दोन बाइट लिहिले गेले. दुसरा नेमका संदेशाच्या पहिल्या अक्षरावर पडला. 1ई हे छापण्याजोगं अक्षर नाही, म्हणून 'ए' गायब.

"पण मी डीबी लिहिलंय ना? त्याला कळायला नको?"

मॅस्म या दुसऱ्या असेंब्लरला कळलं असतं, त्याने आकार जुळत नाहीत म्हणून अडवलं असतं. नॅस्म व्हेरिएबलचा आकार लक्षातच ठेवत नाही. तो रजिस्टरकडे बघून ठरवतो. (मला हा स्वभाव आवडतो, पण पहिल्या सेमिस्टरला तो जाच आहे.)

तिने एएक्स, बीएक्स खोडून त्यांचे 8 बिटांचे खालचे अर्धे भाग, एएल, बीएल, केलं. 'ए' परत आला. उत्तर मात्र 412ए.

आता मी गप्प बसले. ती जर्नलच्या मागच्या पानावर चौकटी काढत राहिली, मग एकदम म्हणाली, "41 म्हणजे कॅपिटल एचा कोड! डिस्प्लेच्या आधी मी बेरीज परत एएक्समध्ये घेतलीय." तिथे मूव्ह या सूचनेच्या जागी मूव्हझेडएक्स आणि 'बाइट' लिहिल्यावर वरचा अर्धा भाग शून्य झाला. 002ए.

पुढची बॅच दारात उभी होती. मी सही करायला पेन काढलं, तोवर तिने 12 चे 250 करून पुन्हा रन दिला.

"मॅडम, 280 यायला हवेत. हे 0018, म्हणजे 24 आलेत."

पेन खिशात ठेवलं आणि स्टूल परत ओढलं.