साळावलीच्या काठावर बासची शिकवणी

अमेरिकेतल्या टेनेसीहून आलेल्या भाच्याला आज गोव्यातल्या साळावली धरणावर नेलं. बदकचोचीसारखा तो सांडवा बघून झाला, नि हा सुरूच झाला. म्हणे, "मामा, आमच्याकडचे बास मासे वसंतात उथळ पाण्यात अंडी घालतात. उन्हं तापली की बरेचसे खोल पाण्याकडे सरकतात. पण अगदी तळाला नाही हां!" उन्हाळ्यात मोठ्या जलाशयात थर पडतात; वरचं पाणी कोमट, खालचं थंड, आणि त्या थंड थरात प्राणवायू कमी होत जातो. म्हणून मासा त्याच्या वरच, बुडालेल्या नदीपात्राच्या कडेला, शॅड नावाच्या बारक्या माशांच्या मागावर. पहाटे मात्र खायला काठाशी.

मग मी आपले चढणीचे मासे सांगितले. पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढून थेट शेतात! गडी तिकीटच पुढे ढकलायला निघालाय.