ऑगस्टचे तीन शनिवार

गुरुवार, 17 जुलै 2025

दिवसभर पाऊस कोसळत होता. ग्रंथालयात पुस्तकांच्या देवघेवीला जेमतेम आठ वाचक आले, त्यामुळे बरेच दिवस लांबणीवर पडलेले काम आज हाती घेता आले, ते म्हणजे ऑगस्टमध्ये दर शनिवारी मुलांना वाचून दाखवायच्या गोष्टींची आखणी. दिनदर्शिकेत शनिवार पाच दिसतात, पण 16 तारखेला दहीकाला आहे आणि 30 तारखेला घरोघरी गणपती असतील. आमच्या सिंधुदुर्गात त्या दिवसांत एखादे मूल ग्रंथालयाकडे फिरकेल अशी आशाच करू नये. उरले 2, 9 आणि 23. प्रत्येक वेळी तीन पुस्तके धरली तर एकूण नऊ. चार वर्षांपूर्वी मी हे काम अंगावर घेतले, तेव्हा नऊ पुस्तके काढून ठेवणे म्हणजे चहा निवेपर्यंतचे काम वाटत असे. आज साडेतीन तास बसून पाचच ठरली.

सतरंजीवर बालविभागातली सगळी चित्रपुस्तके पसरली आणि प्रत्येक पुस्तक खुर्चीला टेकवून दहा पावले मागून पाहिले. ही परीक्षा मला कोणी शिकवली नाही, फजितीतून सुचली. पहिल्याच वर्षी मी अतिशय नाजूक रेषांचे, मला स्वतःला फार आवडणारे एक पुस्तक घेऊन बसले होते. पुढच्या चार मुलांना त्यातली मुंगी दिसली, मागच्या बाराजणांना पांढरा कागद दिसला, आणि तिसऱ्या पानापर्यंत मागची रांग एकमेकांच्या चपला लपवू लागली. मांडीवर घेऊन एका मुलाला वाचून दाखवण्याचे पुस्तक आणि वीस मुलांसमोर धरण्याचे पुस्तक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रकारची पुस्तके मी आता घरी न्यायला देते आणि पालकांना तसे आवर्जून सांगते.

या परीक्षेत आज तीन चांगली पुस्तके बाद झाली, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. चित्रपुस्तके बहुधा सोळा किंवा चोवीस पानांची, मधोमध पिना मारलेली असतात. कोकणातल्या हवेत त्या पिना दोन पावसाळ्यांत गंजतात आणि पाने सुटतात. म्हणून पूर्वी कोणीतरी काळजीने ही पुस्तके बांधणीला दिली. बांधणी भक्कम झाली, पण दोन पानांवर पसरलेल्या चित्राचा मधला भाग शिवणीत गेला. एका पुस्तकातला हत्ती आता सोंडेपासून थेट शेपटीपर्यंत पोचतो. यापुढे गंजलेल्या पिना काढून मी स्वतः जाड दोऱ्याने टाके घालणार आहे. दाखल नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात तसे लिहून ठेवले.

मजकुराच्या बाबतीत माझे मत गेल्या दोन वर्षांत पुरते बदलले. ‘प्रथम बुक्स’ या बालपुस्तकांच्या प्रकाशन संस्थेच्या पुस्तकांवर चार वाचनस्तर छापलेले असतात आणि मी सुरुवातीला ते प्रमाण मानून तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पहिल्या स्तराचीच पुस्तके निवडत असे. एका पानावर एक वाक्य, चार शब्द. मुले ऐकून घेत, पण त्यांच्या चेहऱ्यावर काही हलत नसे. तो स्तर स्वतः वाचायला लागलेल्या मुलासाठी आहे, ऐकणाऱ्या मुलासाठी नाही, ही साधी गोष्ट लक्षात यायला मला वेळ लागला. जे मूल रोज रात्री आजीकडून राक्षसाच्या पोटातून बाहेर पडणाऱ्या राजपुत्राची कथा ऐकते, त्याला ‘हा चेंडू आहे, चेंडू लाल आहे’ हे ऐकवण्यात काय अर्थ? ऐकण्याची समज वाचण्याच्या समजेपेक्षा कितीतरी पुढे असते. आता मी दुसऱ्या स्तराची, कधी तिसऱ्याचीही पुस्तके घेते. अट एवढीच, की वाक्ये मोठ्याने म्हणताना जिभेला अडू नयेत. जे पुस्तक मी दारे लावून दोनदा मोठ्याने वाचलेले नाही, ते शनिवारी बाहेर काढत नाही.

भाषेचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. पुस्तकात ‘खार’ असते आणि आमच्या मुलांची ‘चानी’ असते. मी ‘खार’ वाचते, बोट चित्रावर ठेवते, आणि कोणीतरी ओरडतेच, “चानी!” मग मी दोन्ही शब्द म्हणून पुढे जाते. समितीतल्या एका ज्येष्ठ सदस्यांचे म्हणणे असे, की मुलांना शाळेत जायचे आहे, तेव्हा प्रमाण भाषाच कानावर पडावी. त्यांचा मुद्दा खोटा नाही. परंतु बालशिक्षणाचे काम उभे करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे काम केले, त्यात मुलाच्या अंगणातून, त्याच्या भोवतालच्या वस्तूंतून शिक्षण सुरू झाले, हे आपण इतके कौतुकाने सांगतो. मग मुलाच्या तोंडचा शब्द तेवढा दाराबाहेर ठेवण्याचे कारण मला समजत नाही. ‘स्टोरीवीवर’ या प्रथम बुक्सच्या संकेतस्थळावरच्या गोष्टी मुक्त परवान्याच्या आहेत, मूळ लेखक आणि चित्रकार यांचा उल्लेख ठेवून त्यांचे भाषांतर करता येते. 23 तारखेसाठी त्यांतली एक मालवणीत उतरवायला घेतली आहे.

शनिवार, 19 जुलै

आज सतरा मुले आली. इतक्या पावसात सतरा म्हणजे चांगलीच.

क्रम नेहमीचा: सर्वांत लांब गोष्ट आधी, कारण लक्ष ताजे असते, मग हातवारे करण्याचे गाणे, मग मधली, आणि शेवटी अगदी छोटी. सारे मिळून पंचवीस मिनिटे. आजची पहिली गोष्ट हरवलेल्या कोंबड्याची होती. दर दोन पानांनी त्यात एकच प्रश्न येतो, आणि तिसऱ्यांदा तो आला तेव्हा मी वाचण्याआधीच सगळ्या सतरंजीने मालवणीत विचारले, “कोंबो खंय गेलो?” मी पुस्तकातले वाक्य वाचलेच नाही. पुढची सगळी पाने तशीच झाली, प्रश्न मुलांचा आणि उत्तर माझे.

पान उलटण्याची घाई आज आवरता आली. मागच्या वर्षी कुडाळजवळच्या पिंगुळीला चित्रकथी पाहिली, तेव्हापासून हे मनात आहे. तिथे एकेक चित्र समोर धरून कथा गाऊन सांगतात, आणि चित्राचे गाणे पूर्ण होईपर्यंत ते चित्र हलत नाही; बघणाऱ्याला त्यात हिंडायला वेळ मिळतो. आपण मात्र वाक्य संपले की पान उलटतो. लहान मूल तर वाक्य संपल्यावर चित्र बघायला सुरुवात करते. आज मी प्रत्येक पानावर मनात पाच अंक मोजले. चौथ्या अंकाला एका मुलीला कौलावर बसलेला कोंबडा दिसला. तो मला चार वेळा वाचूनही दिसला नव्हता.

मग व्हायचे तेच झाले. गाणे झाले, दुसरे पुस्तक उघडले, आणि पुढच्या रांगेतला साडेतीन वर्षांचा एकजण उभा राहून म्हणाला, “ताई, परत वाच गो. कोंबो.” बाकीच्यांनीही ‘कोंबो’ धरून ठेवले. पूर्वी मी म्हणत असे, “ते पुढच्या वेळी, आता नवीन.” आज पुन्हा वाचले. ज्यांना पहिल्यांदा काही कळले नव्हते, अशी दोन मुले दुसऱ्या वाचनाला प्रश्नात सामील झाली. निवडलेली उरलेली दोन पुस्तके तशीच कपाटात परत गेली.

घरी येऊन आखणीचा कागद पुन्हा काढला आणि नऊची सहा केली. प्रत्येक शनिवारी दोन नवी आणि तिसरी जागा रिकामी; तिथे मुले मागतील ते जुने. सहांपैकी पाच गुरुवारीच ठरली आहेत, सहावी माझी मालवणी गोष्ट. म्हणजे पुस्तके निवडून झाली, आणि सुटलेल्या पिनांच्या दुरुस्तीला वेळ मिळाला.

राहता राहिला 12 ऑगस्ट. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांच्या जयंतीचा तो दिवस ग्रंथपाल दिन म्हणून साजरा होतो. अध्यक्षांच्या मनात आहे, की त्या दिवशी बालविभागात बोधकथा वाचाव्यात आणि तात्पर्य सांगणाऱ्या मुलाला बक्षीस द्यावे. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतले दुसरे, ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’, आमच्या भिंतीवर चौकटीत लावलेले आहे. तात्पर्याचा उल्लेख त्या पाचांत कुठेही नाही. साडेतीन वर्षांच्या त्या वाचकाचा ग्रंथ कोणता, हे तर आज सगळ्या सतरंजीला ठाऊक आहे. तेव्हा 12 तारखेला कोंबडाच वाचावा, आणि तो अध्यक्षांनी स्वतः वाचावा, असे मी ठरवले आहे. त्यांचा आवाजही खणखणीत आहे. सोमवारी सभेआधी त्यांच्या कानावर घालावे लागेल.