येऊरचा चढ, बुटकी गाडी आणि सायकलवाले

रविवारी सकाळी ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराचा चढ सायकलवाल्यांचा, हे धरूनच गाडी काढा. ताशी ४० किमीला गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंतच एवढं अंतर संपतं. आंधळ्या वळणावर वेग इतकाच हवा, की दिसणाऱ्या रस्त्याच्या निम्म्यात गाडी थांबेल.

स्पोर्टी गाडीत आपण खाली बसतो, आणि पुढच्या काचेशेजारचा खांबही जाड. उजव्या वळणावर अख्खा सायकलवाला त्यामागे लपतो. मान पुढेमागे करून बघा, विचित्र दिसलं तरी.

चढावर दमलेली सायकल डुलते, म्हणून दीड मीटर जागा सोडा. नसेल तर दुसऱ्या गिअरमध्ये मागेच राहा. जवळून हॉर्न नको, माणूस दचकतो. उतारावर सायकल गाडीइतकीच पळते; तिथे ओव्हरटेक हा निव्वळ आगाऊपणा.

उतरतानाही दुसरा गिअरच. ब्रेक सतत दाबून ठेवले तर तापतात. जुन्या ब्रेक ऑइलमध्ये ओलावा मुरलेला असला की ते लवकर उकळतं आणि पेडल स्पंजासारखं मऊ लागतं. दर दोन वर्षांनी ऑइल बदला.