मुंग्यांच्या पलीकडचा 'गजरा'

डोंबिवलीत माझं जुन्या कॅसेट डिजिटल करून द्यायचं दुकान आहे. बहुतेक लग्नं, मुंजी, बारशी येतात. त्या सोमवारी सत्तरी ओलांडलेल्या एक काकू रुमालात गुंडाळलेली व्हीएचएस व्हिडिओ कॅसेट घेऊन आल्या. लेबलवर निळ्या शाईत 'गजरा' लिहून काट मारलेली, खाली 'महाभारत'.

"यात मी होते. भावाने नंतर यावरच महाभारत घेतलं. काही उरलं असेल का रे?"

'गजरा' म्हटल्यावर माझे कान टवकारले. मुंबई दूरदर्शनचा, विनायक चासकरांचा, छोट्या प्रहसनांचा कार्यक्रम. वरळीचं केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि त्याला कलाकार मिळाले ते मुख्यतः रंगभूमीवरचेच. चिमणराव झालेले दिलीप प्रभावळकर, गुंड्याभाऊ झालेले बाळ कर्वे, बातम्या वाचणाऱ्या भक्ती बर्वे. पण त्या काळी टेप महाग. एकदा दाखवलेलं पुसून त्याच टेपवर पुढचं घ्यायची रीत जगभर होती. बीबीसीनेही 'डॉक्टर हू' या आपल्या मालिकेचे कितीतरी भाग असेच घालवले; त्यातले नऊ २०१३ साली नायजेरियातून मिळाल्याचं जाहीर झालं. म्हणून कुणाच्या माळ्यावरची कॅसेट मी कधी हलक्यात घेत नाही.

कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं तर रिळाच्या कडेला पांढरी पूड. बुरशी. अशी कॅसेट तशीच लावली तर यंत्राची हेड, म्हणजे टेप वाचणारे भाग, खराब होतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाच्या कॅसेटलाही लागण होते. खालचे पाच स्क्रू काढले, दोन्ही रिळं स्वच्छ खोक्यात बसवली, मग अल्कोहोलने ओलसर केलेल्या मऊ कापडातून टेप हाताने, अगदी सावकाश फिरवत नेली. तीन तासांची टेप म्हणजे अडीचशे मीटरच्या वर. संध्याकाळ झाली. काकू घरी गेल्या नाहीत. "हापिसातून सुटून वरळीला जायचे तेव्हाही रात्रच व्हायची," म्हणाल्या.

लावली. हरीश भिमानींचा आवाज, नितीश भारद्वाजांचा कृष्ण. पुढे, आणखी पुढे. एका ठिकाणी महाभारत तुटलं आणि पडद्यावर मुंग्या, म्हणजे नुसते वळवळणारे काळे-पांढरे ठिपके, आल्या. मी काकूंना थांबा म्हटलं. व्हीसीआरमध्ये पुसायचं हेड रेकॉर्डिंगच्या हेडच्या थोडं अलीकडे असतं. रेकॉर्डिंग बंद करताना त्या दोन हेडांमधला तुकडा पुसलेला असतो, पण त्यावर नवं काही उमटलेलं नसतं. त्यामुळे मुंग्यांच्या पलीकडे जुनं काही असलं तर ते शाबूत सापडतं.

आणि सापडलं. एक दिवाणखाना, रंगवलेली खिडकी, सोफ्यावर धोतरातले वडील. चहाचा ट्रे घेऊन आलेली, दोन वेण्यांची मुलगी.

काकूंनी माझं मनगट धरलं. "आता बशी पडेल बघ."

पडली. त्यांनी सांगितलं, संकलनाची कटकट नको म्हणून तीन कॅमेऱ्यांवर प्रवेश सलग घ्यायचे, मध्ये थांबायची सोय नाही. नवख्या काकूंची नजर कॅमेऱ्यावरच्या लाल दिव्याकडे गेली आणि ट्रे कलला. पुढचं वाक्य त्या साफ विसरल्या. चाळीस वर्षं त्यांना वाटत होतं, आपण प्रवेश बुडवला.

मी तो तुकडा मागे घेऊन पुन्हा लावला. बशी पडते. वडील झालेले नट वर्तमानपत्राची घडी घालतात, वाकून बशी उचलतात, धोतराच्या सोग्याने पुसतात आणि म्हणतात, "पाहुणे आले की हिच्या हाताला घाम सुटतो." जोडीला एक नजर, मुलीला धीर देणारी. तेवढ्या वेळात तिला वाक्य आठवतं. पाहणाऱ्याला वाटावं, लेखकाने असंच लिहिलंय. रोज रात्री नाटकात उभं राहिलेल्या माणसालाच हे जमतं. मला तर ती त्या सगळ्या तुकड्यातली सर्वांत सुंदर जागा वाटली.

"चांगलंच दिसतंय की," काकू हळूच म्हणाल्या. डोळे पुसून, "परत लाव."

एकंदर अकरा मिनिटं मिळाली. श्रेयनामावली येण्याआधीच टेप संपली. म्हणून मी वही काढली आणि काकूंना म्हटलं, कोण कोण होतं ते सांगा, फाईलबरोबर लिहून ठेवतो. वडील, आई, पाहुणे, मागे पेटी वाजवणारे. नाव सांगताना प्रत्येकाचं गाव, नोकरीसुद्धा सांगत होत्या. स्वतःचं माहेरचं नाव सगळ्यांत शेवटी. शेजारी झालेल्या नटाचं मात्र काही केल्या आठवेना. मी ती ओळ कोरी सोडली.

बुधवारी रात्री साडेनऊला फोन आला. "झोपला नाहीस ना? शेजाऱ्याचं नाव आठवलं. लिही."

मी वही उघडली.