शाळेत न जाणाऱ्या मुलांसाठी गावातली कामे

घरीच शिकणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना कोकणात एक प्रश्न हमखास विचारला जातो: मुलांना चार माणसांत मिसळायला कसे येणार? दापोली तालुक्यातल्या आमच्या गावात किराणा दुकानापासून एसटीच्या थांब्यापर्यंत सगळीकडे मी त्याला उत्तर देत आले आहे, आणि विचारणाऱ्यांच्या मनात आपुलकीच असते हेही मला ठाऊक आहे. मिसळण्याची मला फारशी काळजी वाटली नाही, कारण वाडीत मुले आहेत, संध्याकाळी खेळ होतो, शिमग्याला आणि गणपतीला घर माणसांनी भरलेले असते. माझी काळजी दुसरीच होती. आईवडिलांखेरीज इतर कोणी सांगितलेले काम ठरल्या वेळी करून द्यायचे, आणि ते झाले नाही तर कोणाचे तरी अडते हे समजून घ्यायचे, हा अनुभव घरात कितीही पुस्तके असली तरी मिळत नाही. तो मिळण्यासाठी गावातल्या विनामोबदला कामाइतकी चांगली जागा मला दुसरी दिसत नाही.

यात आपल्या मुलांची एक जमेची बाजू आहे, जिच्याकडे पालकांचे सहसा लक्ष जात नाही. शाळेतली मुले रविवारी मोकळी असतात, आणि गावातली बरीचशी कामे मंगळवारी किंवा गुरुवारी सकाळी असतात. त्यात कोकणातल्या गावांची स्थिती अशी, की हाताशी येतील असे तरुण मुंबई-पुण्याला चाकरीला गेलेले आणि मागे वयस्कर माणसे राहिलेली. आठवड्यातून एक सकाळ नेमाने देणारे बारा-तेरा वर्षांचे मूल अशा ठिकाणी खरोखरच उपयोगी पडते.

सुरुवात कोठून करावी असे कोणी विचारले, तर मी गावच्या वाचनालयाचे नाव घेते. रत्नागिरी जिल्ह्याला वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचे, चिपळूणचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ सालचे. मात्र गावोगावची ‘ड’ वर्गातली, म्हणजे शासकीय वर्गवारीत सर्वांत खालची, ग्रंथालये तुटपुंज्या अनुदानावर आणि एखाद्या ग्रंथपालाच्या चिकाटीवर चाललेली असतात. पावसाळ्याचे चार महिने हवेत इतका दमटपणा असतो की पुठ्ठे फुगतात, पानांवर बुरशी धरते, आणि कपाट बंद राहिले की कसर लागते. म्हणून पाऊस संपल्यावर प्रत्येक पुस्तक बाहेर काढून, मऊ कुंचल्याने झाडून, पंख्याखाली पाने मोकळी करून पुन्हा जागेवर ठेवावे लागते. थेट कडक उन्हात टाकलेले ओलसर पुस्तक वाकडे होते, हे आमच्या थोरलीला तिथल्या ग्रंथपालकाकांनी शिकवले. त्याच सुमारास दाखल नोंदवहीची पडताळणीही करता येते. एकाने नोंदवहीतला दाखल क्रमांक वाचायचा, दुसऱ्याने तो कपाटात शोधायचा, सापडला की बारीक खूण करायची, न सापडलेल्याची वेगळी यादी ठेवायची. जुन्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर मुंबईकर गावकऱ्यांनी आईच्या किंवा वडिलांच्या स्मरणार्थ भेट दिल्याच्या नोंदी सापडतात, आणि त्या वाचताना मुलीला गावातल्या अर्ध्या घराण्यांची ओळख झाली. एका आठवड्यात ती सर्दीमुळे गेली नाही. पुढच्या वेळी काका तिला म्हणाले, “बाय, तू नाही आलीस तर कपाट तसंच पडून राहिलं हो.” ते रागावून बोललेले नव्हते. त्यानंतर मात्र मंगळवारची आठवण मला कधी करून द्यावी लागली नाही.

याच वाचनालयांच्या संदर्भात एक गोष्ट पालकांनी ध्यानात ठेवावी. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणच्या वाचन मंदिरात पाणी शिरले आणि ग्रंथसंपदेचे मोठे नुकसान झाले. अशा वेळी मदतीला धावण्याची इच्छा मुलांना होणारच. तरीही पूर ओसरून, चिखल आणि दूषित पाणी हटून, जबाबदार माणसांनी बोलावल्याशिवाय मुलांना तिकडे नेऊ नये. नोंदी लिहिणे, सुकलेली पुस्तके लावणे अशी कामे नंतर महिनोन्महिने उरतात, आणि तेव्हा मदतीला येणारे हात कमी झालेले असतात.

दुसरे काम पाण्याचे. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत कित्येक वाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते, कारण जांभ्या दगडातून पाणी झिरपून आणि तीव्र उतारावरून वाहून थोड्याच काळात समुद्राला मिळते. पाऊस थांबून पऱ्याचा, म्हणजे ओढ्याचा, जोर उतरला की ग्रामपंचायती श्रमदानातून वनराई बंधारे घालतात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती किंवा वाळू भरायची, तोंड सुतळीने शिवायचे, आणि विटांच्या बांधकामात सांधा सांध्यावर येऊ देत नाहीत तशा गोण्या एकमेकींवर रचायच्या. भरलेली गोणी उचलणे मुलांचे काम नव्हे. गोणीचे तोंड उघडे धरणे, दाभणात सुतळी ओवून देणे, फटींत चिखल दाबणे एवढे ती आनंदाने करतात, आणि त्यांच्यामुळे मोठ्यांचा वेग वाढतो हे मी पाहिले आहे.

मला स्वतःला बंधाऱ्यापेक्षा त्याच्या पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. बंधारा घालून फोटो काढले की लोक घरी जातात. त्याचा उपयोग किती झाला याची नोंद क्वचितच कोणी ठेवतो. घरी शिकणाऱ्या मुलाला हे काम अगदी जमण्यासारखे आहे. ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या दोरीला दगड बांधून, मोठ्या माणसाच्या सोबतीने, बंधाऱ्याखालच्या विहिरीत ती दर आठवड्याला त्याच वारी सोडायची, कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर वहीत लिहायचे, आणि शेजारच्या वाडीतल्या बंधारा नसलेल्या विहिरीचेही तसेच मोजायचे. मेअखेर दोन्ही आकड्यांचा आलेख काढून ग्रामसभेत ठेवला, तर पुढच्या वर्षी बंधारा कोठे घालावा या चर्चेला आधार मिळतो. गणित, भूगोल आणि नागरिकशास्त्र यांची इतकी सरळ गाठ घालणारा दुसरा पाठ मला माहीत नाही.

किनाऱ्यावरच्या गावांत कासवांचे काम आहेच. वेळासला २००२ च्या सुमारास सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने गावकऱ्यांना घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांच्या संवर्धनाला हात घातला, आणि आज वन विभागाच्या देखरेखीखाली आंजर्ले, केळशी, गुहागर अशा अनेक किनाऱ्यांवर ते चालते. मादी वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते, कासवमित्र ती कुत्र्या-कोल्ह्यांपासून वाचवण्यासाठी कुंपणाच्या आत हलवतात, आणि साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. कासवाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, तेव्हा अंडी किंवा पिल्ले हाताळणे मुलांच्या वाट्याला येणार नाही आणि येऊही नये. त्यांनी करण्याजोगे काम पर्यटक येतात तेव्हा असते: दोरीच्या मागे उभे राहायला सांगणे, मोबाईलचा फ्लॅश बंद करायला लावणे, मराठीत आणि हिंदीत चार वाक्यांत माहिती देणे. त्याआधी वाळूतली फाटकी जाळी आणि प्लास्टिक गोळा करून ठेवले, तर पिल्लांची वाट मोकळी होते. लाजऱ्या मुलाला बोलते करण्यासाठी हे काम मी आवर्जून सुचवते.

ग्रामपंचायतीकडे आणखी एक दुर्लक्षित दालन आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार स्थानिक पातळीवर लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या वनस्पती-प्राण्यांची आणि त्यांच्याविषयी लोकांना असलेल्या माहितीची वही, तयार करायची असते, आणि बऱ्याच ठिकाणी ती एकदा लिहून कपाटात गेलेली असते. टाकळा, भारंगी, कुर्डू, फोडशी या रानभाज्या कोठे उगवतात, कधी खुडायच्या आणि कशा शिजवायच्या, हे वाडीतल्या आजींकडून ऐकून लिहून घेणारे मूल त्या नोंदवहीत मोलाची भर घालू शकते.

वयस्कर शेजाऱ्यांना मोबाईलवरची कामे करून देण्याबाबत मी थोडी कडक आहे. नोव्हेंबरमध्ये पेन्शनवाल्यांना हयातीचा दाखला द्यायचा असतो, आणि तो आता चेहऱ्याच्या पडताळणीने घरबसल्या देता येतो. मुलांनी तिथे जरूर मदत करावी. बँकेचा पिन आणि ओटीपी मात्र मुलाने विचारायचा नाही आणि कोणी सांगू लागले तरी ऐकायचा नाही, आणि त्या घरातले कोणी मोठे माणूस शेजारी बसलेले असावे.

वयाचाही विचार करावा लागतो. केंद्र सरकारच्या ‘माय भारत’ मंचावर १५ ते २९ वर्षांच्या तरुणांना नाव नोंदवता येते, रक्तदानाला १८ वर्षे पूर्ण लागतात, आणि राष्ट्रीय सेवा योजनेचे काम प्रामुख्याने महाविद्यालयांतून चालते. त्याहून लहान मुलांसाठी गावातली ओळख हाच मार्ग. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावीची परीक्षा १४ वर्षे पूर्ण झाल्यावर देता येते, त्यामुळे त्या वयाच्या आसपास पालकांना प्रमाणपत्रांची घाई सुटते आणि मूल दर महिन्याला नव्या उपक्रमात दिसू लागते. मला हे पटत नाही. एक काम पूर्ण हंगामभर, एकाच माणसाच्या हाताखाली करावे. प्रमाणपत्र मिळाले तर ठेवावे, न मिळाल्यास मुलाने स्वतः लिहिलेली कामाची वही पुरते.

विचारायला जाताना मुलाने स्वतः बोलावे आणि पालकांनी मागे उभे राहावे. सोबत एक साधे पत्र द्यावे, ज्यात मुलाचे वय, येण्याचा वार आणि वेळ, कोणती कामे त्याला द्यायची नाहीत, आणि पालकांचा फोन क्रमांक लिहिलेला असेल. काम चालू असताना तिथे एकाहून अधिक मोठी माणसे असतील याची खात्री करून घ्यावी, आणि पहिले काही दिवस स्वतः तिथेच थांबावे. सरपंच किंवा ग्रंथपाल पहिल्या भेटीत ‘बघू’ म्हणाले, तर पुढच्या आठवड्यात त्याच वारी पुन्हा जावे.